सोनेरी माशीचं नाव

बोझ-बुलाक, २ जून

ऊलकान एजेंना, थोरल्या जाऊबाईंना, धाकट्या जावेचा, बातमाचा सलाम.

माणसं-जनावरं सुखरूप ना? तुमच्याकडे अल्माटीत जनावरं नाहीत हे मला ठाऊक आहे, पण तुमच्या लेकीच्या सातव्या मजल्यावर एक मांजर आहे म्हणतात. ते सुखरूप ना?

फोन करून पाहिले. दर वेळी लेक उचलते आणि सांगते, आई नमाज पढतेय. नऊला नमाज, अकराला नमाज, चारला नमाज. एजे, एवढी नमाज तर आपल्या गावचा मुल्लाही पढत नाही. म्हणून पत्र लिहायला बसले. टॅक्सीवाला शारशेन आठवड्याला अल्माटीची खेप करतो, त्याच्या हाती देते. अक्षर मोठं आणि ओळी वाकड्या दिसल्या तर हसू नका. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे आणि डाव्यावर सायीसारखा मोतीबिंदू चढलाय.

कसा गेला ते सांगते. मोतीबिंदू दोन्हीकडे होता. एप्रिलमध्ये शहरातल्या दवाखान्यात आधी उजव्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर झाकीर म्हणून दुंगान पोरगा आहे, त्या चिनी वंशाच्या मुसलमानांतला. हात हलका, बोलणं गोड, आईचा बाजारात आश्ल्यान-फूचा ठेला. म्हटलं, ज्याच्या आईच्या हातच्या शेवया इतक्या बारीक, त्याचे टाकेही बारीकच असणार. त्याला मी आधीच सांगून टाकलं की बाबा, मला बधिर करायची सुई सोसत नाही, तरुणपणी एकदा मरता मरता वाचले आहे. त्यानं थट्टा नाही केली. दंडावर त्या औषधाचा इवलासा थेंब टोचला आणि मला बसवून ठेवलं. पुरळ नाही, खाज नाही. म्हणाला, आजी, हे औषध तुम्हाला सोसतं.

मग नर्स कागद भरायला बसली. काय खाल्लं की त्रास होतो, कुठला किडा चावला की सूज येते, असलं सगळं. मी म्हटलं, सोनेरी माशी चावली की ओठ सुजतो, पण तो काय, कोणाचाही सुजतो. पोरगी हसली. माश्या कुठे चावतात का आजी, म्हणाली आणि पुढचं विचारलं. आता तिला मी काय सांगणार? त्या किड्याचं खरं नाव कुठल्या तोंडानं घेणार? ते थोरल्यांचं नाव. लग्न होऊन आपल्या घरात आले तेव्हापासून थोरल्या दिरांचं नाव माझ्या जिभेवर आलेलं नाही, ते तिथे, अनोळखी पोरीसमोर घेऊ?

ऑपरेशन छान झालं. रात्री डोळ्यात ठणका सुरू झाला आणि सकाळी आरशात पाहिलं तर मीच घाबरले. पापण्या टम्म, डोळा बाहेर आलेला, हलवता म्हणून येईना. आधी वाटलं पू झाला, मग वाटलं आत रक्त साकळलं. दोन्ही नव्हतं. सूज उतरायला फार दिवस लागले, आणि तोवर आतल्या शिरेवर दाब पडून ती मेली. आता उजव्यानं खिडकी आहे एवढं कळतं. खिडकीत कोण आहे ते कळत नाही.

झाकीर माझ्याइतकाच रडवेला झाला होता. मग त्यानं पुस्तकं उघडली, राजधानीत फोन केले, आणि एक दिवस समोर बसून समजावलं. सुईत दोन औषधं होती. एक बधिर करणारं. दुसरं त्याचा गडी, पहिल्याला डोळ्यामागे नीट पसरवणारा. हा गडी म्हणे वळूच्या अंडांपासून करतात. आमचे हे कोपऱ्यात बसले होते, एरवी ढिम्म ऐकू येत नाही, पण हे बरोबर ऐकलं आणि घरी येईपर्यंत हसत होते. म्हातारपणी बायकोच्या डोळ्यात वळू घुसला म्हणे. हसू दे मेल्यांना.

तर दंडावर टोचली ती पहिल्याची परीक्षा. गड्याची नाही. आणि सोनेरी माशीच्या विषात म्हणे या गड्याचाच भाऊबंद असतो, म्हणून तिच्या चावण्यानं जो फार सुजतो तो याच्यानंही सुजू शकतो. झाकीरनं तिचं खरं नाव घेऊन विचारलं, त्याला काय. मी म्हटलं, माझं अर्धं आयुष्य त्यांच्यात गेलं, कधी काही झालं नाही. झालं ते दाढेच्या सुईनं.

आता इथे माझं सगळं अडलंय, एजे. झाकीर म्हणतो, तरुणपणी तुम्ही पडलात ते सुईनं पडला असाल तर मी डाव्या डोळ्याला हात लावणार नाही. दंडावरच्या एका थेंबाच्या भरवशावर तुमचा उरलेला डोळा लावणार नाही. पूर्ण गुंगी देऊन करावं तर माझं हृदय त्या लायकीचं नाही. पण त्या दिवशी दुसरं काही चावलं असेल, तर गोष्ट सोपी आहे, गड्याला बाहेर ठेवायचं आणि ऑपरेशन करायचं. कोणी पाहिलं होतं का, असं त्यानं विचारलं.

तुम्ही पाहिलंत. बाकी सगळे मातीआड झाले. मला आठवतं ते इतकंच: वरच्या कुरणावर आपला तंबू, पोरांना लस टोचायला घोड्यावरून आलेला तो रशियन कंपाउंडर, माझी दुखरी दाढ, त्याची सुई. मग डोळे उघडले तेव्हा डोकं तुमच्या मांडीवर आणि तोंड भोपळ्याएवढं. तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत की सुईनं झालं. त्यानंतर तीन दाढा मी नुसत्या वोडकाच्या गुळण्या करून उपटून घेतल्या. तर एवढंच आठवून सांगा. तोंड सुजायला लागलं ते सुईच्या आधी की नंतर?

माझ्याशी बोलायचं नसेल तर नका बोलू. झाकीरचा नंबर खाली लिहिला आहे.

पत्र इथे संपवणार होते, पण शारशेन अजून चहा पितोय, म्हणून लिहिते. परवा सूनबाईला म्हटलं, काळ्या जडाची कढई आण. ती बघतच राहिली. तेव्हा ध्यानात आलं, आपली भाषा बोलणारं आता घरात कोणी नाही. सासऱ्यांच्या नावात कोकरू, म्हणून कोकराला आपण 'ब्यांब्या' म्हणायचो. मधल्या दिरांच्या नावात लोखंड, म्हणून लोखंड 'काळं जड'. आणि थोरल्यांच्या नावापायी 'सोनेरी माशी', ती तर तुम्हीच शोधून काढलीत, तुमच्या नवऱ्याला शोभेल अशी. आठवतं, एकदा लांडगा आला तेव्हा मी ओरडत आले होते, 'ब्यांब्याच्या मागे लागलाय, काळं जड घेऊन या', आणि सासूबाईंना काही कळेना? लांडग्यानं पोटभर खाल्लं, पण सुनेनं नाव घेतलं नाही म्हणून सासरे आठवडाभर खूश होते. ती भाषा आता जगात दोघींनाच येते, आणि त्या दोघी बोलत नाहीत.

तुम्ही का गेलात ते मला ठाऊक आहे. नातवाला थोरल्यांचं नाव माझ्या मुलानं प्रेमानं ठेवलं हो. चुलत्याच्या खांद्यावर वाढलेला पोरगा तो. पण तुम्ही अंगणात बसलेल्या असताना सूनबाई त्या नावानं ओरडली, शेंबूड पूस गाढवा, असं. जे नाव तुम्ही त्यांच्या मयतालाही तोंडातून काढलं नाहीत, ते शेंबडाबरोबर. तुमचा चेहरा मी पाहिला होता. त्याच आठवड्यात तुम्ही बोचकं बांधलंत.

मीही त्याला त्या नावानं हाक मारत नाही. 'धाकटे भावजी' म्हणते. तो ओ देत नाही. पाच वर्षांचा झाला आता. सगळे म्हणतात, हुबेहूब थोरले. मला दिसत नाही.

तुमची बातमा


बोझ-बुलाक, २१ जून

एजे,

शारशेन म्हणतो, पत्र तुमच्या हातात दिलं, तुम्ही उशाखाली ठेवलंत आणि त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाहीत. काय काय वाढलंत तेही त्यानं सांगितलं. टॅक्सीवाल्याला मांस आणि जावेला मौन, हा न्याय चांगला आहे.

काल मी पाहुण्यांच्या चहात मीठ घातलं. वाटी कुठे संपते ते न दिसल्यानं गालिच्यावर ओतलाही. पाहुणे सज्जन, खारट चहा पिऊन वाहवा म्हणाले, आणि मी आत जाऊन रडले. झाकीर ऑगस्टपर्यंत थांबेन म्हणतो. नंतर मोतीबिंदू इतका घट्ट होईल की काढणं अवघड.

खरं सांगायचं तर मला तुमचा रागच येतो. आजचा नाही, जुना. मधाच्या पेट्या आपल्या दोघींच्या होत्या, पण तुम्ही मला एकदाही पेटी उघडू दिली नाहीत. गुलाबी चाऱ्याची शेतं फुलली की तुम्ही उघड्या हातांनी पोळी उचलायच्या राणीसारख्या, आणि मी लांब, धुराचा डबा घेऊन. उन्हाळ्यात मला जाळीची टोपी, दोन सदरे, बूट, गाठोडं करून उभं करायचात. गावातल्या बायका हसायच्या. थोरलीनं धाकटीला धूरवाली केलीय म्हणायच्या. एखादी सोनेरी माशी बोटाला लागलीच तर काम टाकून धावत यायचात, काटा काढायचात आणि मला तंबूत निजवून माझ्या तोंडाकडे टक लावून बसायचात. मला वाटायचं, मी काम चुकवते की काय ते बघताय.

आपल्यात म्हणतात ना, भाऊ-भाऊ एक तर घोडे फार, जावा-जावा एक तर जेवण फार. आपल्या घरी जेवण फार होतं, एजे. मी धूर सोडायची, तुम्ही मध काढायचात, आणि संध्याकाळी बोटं चाटत दोघी उतारावर बसायचो. तुम्ही मला वरच्या सगळ्या ओढ्यांची नावं शिकवलीत, कारण त्यातलं एकही नाव आपल्या घरातल्या कुणाचं नव्हतं. ते उतार मला पुन्हा बघायचे आहेत. एक वाक्य सांगा आणि परत उशाखाली ठेवा मला.

बातमा


बोझ-बुलाक, ९ जुलै

एजे,

तुम्ही काल झाकीरला फोन केलात. तुम्हाला ठाऊक नाही, मी तिथेच होते.

तपासायला बोलावलं होतं. डोळ्यात थेंब घालून मान मागे करून बसवलं होतं, आणि त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. त्याच्या दोन्ही हातांत काही ना काही होतं, म्हणून त्यानं आवाज मोठा करून फोन तसाच ठेवला. तुम्ही 'सलाम' म्हणालात आणि मी ओळखलं. दोन वर्षांनी ऐकला आवाज. थोडा घोगरा झालाय. झाकीर माझ्याकडे बघून काही बोलणार, तेवढ्यात मी तोंडावर बोट ठेवलं. मी आहे हे कळलं असतं तर तुम्ही फोन ठेवला असता, ठेवला असता की नाही?

तुम्ही म्हणालात, "आधी माशी चावली. सुई नंतर. मानेवर, सदऱ्याच्या आत चावली होती, काटा मीच काढला. कंपाउंडर दाढ बघायला बसला तेव्हा तिचा ओठ सुजायला लागला होता. त्याला वाटलं दाढेची सूज."

झाकीरनं विचारलं, "कुठली माशी, आजी?"

"सोनेरी माशी."

झाकीर गोंधळला. माझ्याकडे बघायला लागला. मी ओठ दाबून बसले. मनात म्हटलं, आता एजे म्हणतील, मध करते ती. तेवढ्यानं भागलं असतं. मी असते तर तेच म्हटलं असतं, जन्मभर तसंच बोलत आलो. पण तुम्ही ते म्हटलं नाहीत. मागे तुमच्या लेकीचं मांजर ओरडत होतं ते ऐकू आलं.

मग तुम्ही म्हणालात, "आरी. आरीनं चावलं तिला, डॉक्टर. लिहून घ्या. माझ्या नवऱ्याचं नाव आरीबाय होतं, त्यातली आरी. आडून बोलून पोरीचा एक डोळा गेला, दुसरा मी जाऊ देणार नाही."

तुम्ही उच्चारलंत, मी फक्त लिहिलं. हाताला पाप नाही.

झाकीर दुंगान, त्याला काय कळणार. त्यानं शांतपणे लिहून घेतलं. मग विचारलं की इतकी वर्षं सुईचं नाव का सांगितलंत. त्याला उत्तराशी काही देणंघेणं नव्हतं, सहज विचारलं त्यानं. आणि तुम्ही त्याला, परक्या पोराला, सांगून टाकलंत.

"सासूबाईंना कळलं असतं तर तिला खाली बटाट्याच्या शेतावर पाठवली असती. पेट्यांजवळ फिरकू दिली नसती. मी त्या घरात आठ वर्षं एकटी सून होते, डॉक्टर. वर डोंगरावर बोलायला माणूस नव्हतं. ती आली आणि मला हसू यायला लागलं. कंपाउंडरनं दुसरी सुई देऊन तिला वाचवलं, तेव्हा त्याच्या पाया पडून सांगितलं, कुणाला बोलू नको."

झाकीर म्हणाला, पण पुन्हा चावली असती म्हणजे?

"म्हणून तर कधी पेटी उघडू दिली नाही. धूर दिला हातात. माझ्यावर चिडायची. चिडू दे म्हटलं, जिवंत आहे ना." मग तुम्ही विचारलंत, "आता होईल ना तिचं?"

तो होईल म्हणाला आणि तुम्ही फोन ठेवला. डोळ्यांत औषध असताना रडायचं नाही म्हणून झाकीरनं मला बजावलं होतं. ते काही मला जमलं नाही, सगळे थेंब परत घालावे लागले.

एजे, मी तुमच्यावर किती वर्षं चिडले. माझ्या तीन दाढा तुम्ही घेतल्यात, त्याबद्दल वर गेल्यावर भांडू. डोळ्याबद्दल मी भांडणार नाही. फोनवर तुमचा आवाज कसा होता ते मी ऐकलंय. बटाट्याच्या शेतावर माझे दोन्ही डोळे शाबूत राहिले असते, आणि त्या डोळ्यांनी मी जन्मभर बटाटे बघितले असते. मला विचारलं असतंत तरी मी वरच आले असते. धुराचा डबा घेऊन आले असते.

ऑपरेशन अकरा ऑगस्टला.

तुमची धूरवाली


बोझ-बुलाक, २ सप्टेंबर

ऊलकान एजे,

ओळी बघा. सरळ आहेत की नाही?

झाकीरनं गड्याला बाहेर ठेवला. नुसतं बधिर करणारं दिलं, तेही जपून जपून, आणि संध्याकाळपर्यंत मला समोर बसवून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. अगदी तुमच्यासारखा. रात्री ठणकलं नाही. सकाळी पट्टी काढली आणि पहिलं काय दिसलं, तर त्याच्या शर्टावर आईच्या शेवयांच्या मिरच्यांचा डाग. मी सांगितलं तेव्हा तो पोरगाच रडला.

माझ्या कागदावर आता लाल शाईनं लिहिलंय, काय द्यायचं नाही आणि कुठला किडा चावू द्यायचा नाही. मी वाचलं. खरं नाव लिहिलंय. वाचताना ओठ हलू दिले नाहीत.

घरी आले. आरशात पाहून घाबरले, एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या कोण जाणे. मोतीबिंदू बरा होता. आमचे हे म्हणाले, मला तर रोज दिसत होत्या, बोललो का कधी? गालिच्यावरचा चहाचा डागही दिसला. वरचे उतार दिसले. चारा कापून झालाय, पण कडेला एक पट्टा गुलाबी उरला आहे.

आणि त्याला पाहिलं. अंगणात चिखलात बसला होता. लोक म्हणत होते ते खोटं नाही. भुवया मधे जुळलेल्या, आणि काही बिनसलं की खालचा ओठ तसाच पुढे. थोरले पेटीपाशी उकिडवे बसायचे तसाच बसला होता, हात गुडघ्यांवर सोडून. मी किती तरी वेळ दारात उभी राहून बघत होते. मग हाक मारली, धाकटे भावजी, जेवायला चला. नेहमीप्रमाणे त्यानं मान वर केलीच नाही. हे आपलं नाव नव्हे हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

सूनबाईला मी ताकीद दिली आहे, त्या नावापुढे गाढव लावायचं नाही. पण तिच्या हाकेत काही अर्थ नाही, आणि माझ्या जिभेवर ते येत नाही, या वयात येणारही नाही. तुमच्या आलंय. एकदा आलं ते पुन्हा येईल.

शारशेन शुक्रवारी रिकामा परत येतोय, पुढची जागा तुमच्यासाठी ठेवायला सांगितली आहे. बोचकं लहान बांधा, तुमचं अंथरूण इथेच आहे, उन्हात घालून ठेवते. आल्यावर चहाही नको आधी. दारात उभ्या राहा आणि त्यांच्या नावानं हाक मारा, मोठ्यानं, जन्मभर मारली नाहीत तेवढ्या मोठ्यानं.

तो ओ देईल.

बातमा